स्किप्टन आणि आसपास: कुठे जायचं, कसं जायचं, काय टाळायचं (माहितीचा धागा)

घाटवाट
लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर भागातल्या मराठी मंडळींचा दर उन्हाळ्यात ठरलेला प्रश्न असतो: स्किप्टनला एका दिवसात किल्ला, कालव्यातली बोट, बोल्टन ॲबीचा जुना मठ आणि मॅलमचा कडा कसं बसवायचं? उत्तर सोपं आहे. बसत नाही. बसवलंत तर निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात जातो. म्हणून हा धागा. ज्याला जे नीट माहीत आहे त्याने ते लिहावं, वेळा आणि अंतरांसकट.

सुरुवात मी करतो. नॉर्थ यॉर्कशरमधलं हे बाजाराचं गाव. नावाचा अर्थच ‘मेंढ्यांचं गाव’. १२०४ साली जॉन राजाने बाजाराची सनद दिली, आणि बाजार अजूनही हाय स्ट्रीटवरच दोन्ही कडांच्या दगडी फरसबंदीवर भरतो. दिवस चार: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. मंगळवारी किंवा गुरुवारी गेलात तर गाव बघाल, बाजार नाही. भाजी, चीज, लोकर, बूट, गाद्यागिरद्या सगळं असतं. दुपारी तीननंतर आवराआवर सुरू होते, त्यामुळे आधी बाजार, मग किल्ला. उलट केलंत तर रिकामे सांगाडे दिसतील.

लीड्सहून थेट गाडी आहे, पाऊण तासाच्या आतबाहेर. स्टेशन ते हाय स्ट्रीट दहा मिनिटं चालत, सपाट. गावासाठी कार आणूच नये असं माझं स्पष्ट मत.

टांगेवाला
कार नको हे गावापुरतं मान्य. पण सोबत सत्तरीची माणसं, बाबागाडी आणि तीन डबे असतील तर? आणि मॅलमला बसने जायचं म्हणजे वेळापत्रक पाठ करायला हवं.

घाटवाट
मॅलमसाठी कार, हे कबूल. बस आहेत, पण कमी आणि रोजच्या नाहीत. आधी परतीची बस बघायची आणि मग जाण्याची ठरवायची. ग्रासिंग्टनचं तसं नाही. स्किप्टनहून ७२ नंबरची बस जाते, उतरून लिंटन फॉल्सपर्यंत रमतगमत चालत जाता येतं, वृद्धांनाही जमेल असं. इंग्लंडमध्ये बहुतेक बसमार्गांवर एकेरी तिकिटाला कमाल मर्यादा आहे. २०२५ च्या जानेवारीपासून ती २ वरून ३ पौंड झाली. चौघांचं जाऊन-येऊन धरलं तर कार स्वस्त पडू शकते, तो हिशेब ज्याचा त्याने करावा.

रुळावरून
ट्रेनबद्दल तीन गोष्टी, कारण लोक इथेच पैसे घालवतात.

एक. लीड्स–स्किप्टन मार्गावर वेस्ट यॉर्कशरची हद्द स्टीटन अँड सिल्सडेन स्टेशनला संपते. स्किप्टन नॉर्थ यॉर्कशरमध्ये येतं. त्यामुळे वेस्ट यॉर्कशरचा दिवसाचा पास हातात आहे म्हणून थेट स्किप्टनपर्यंत बसू नका. तपासनीस स्टीटननंतर भेटला की वाद घालून उपयोग नसतो.

दोन. मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड. चार मोठे आणि चार मुलं (५ ते १५ वर्षं) एका कार्डावर. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के. मात्र किमान एक मूल तिकिटात हवंच. पाच वर्षांखालच्या मुलांना तसंही तिकीट लागत नाही, पण मग ते मूल या हिशेबात धरलं जात नाही. तिथे लोक फसतात.

तीन. याच मार्गावर सॉल्टेर, बिंगली, कीथली अशी स्टेशनं आहेत. सॉल्टेर हे टायटस सॉल्टने आपल्या लोकरीच्या गिरणीभोवती कामगारांसाठी वसवलेलं आखीव गाव. गिरणी १८५३ ची, गाव २००१ पासून युनेस्कोच्या यादीत. गिरणीत आता दुकानं आणि चित्रदालनं आहेत, आत जायला पैसे नाहीत. पाऊस लागला तर स्किप्टनला जाण्याचा हट्ट सोडून तिथेच उतरावं. कीथलीला गाडी बदलून हॅवर्थची वाफेची गाडी मिळते. हॅवर्थ स्टेशनपासून कादंबरीकार ब्राँटे भगिनींच्या घरापर्यंत पंधरा मिनिटं खडी चढण आहे, तीही दगडी फरसबंदीची. बाबागाडीची चाकं बारीक असतील तर उचलूनच न्यावी लागेल.

निवांत
वाचतेय. किल्ल्याबद्दल कोणी सांगा. आत बघण्यासारखं किती आहे? की फक्त बाहेरून फोटो?

दगडमाती
स्किप्टन कॅसल. आपल्याकडे किल्ला म्हटलं की दोन तास चढण आणि वर भग्न जोती, ही सवय इथे मोडते. हा हाय स्ट्रीटच्या टोकाला, चर्चच्या शेजारी, रस्त्यालगत आहे. दुर्गमता मागच्या बाजूला: एलर बेक नावाच्या ओढ्यावर थेट कडा तुटतो. ती बाजू बघायची असेल तर तिकीट न काढताही कालव्याच्या फाट्याकाठून मागे जाता येतं, आणि माझ्या मते किल्ल्याचं खरं रूप तिथूनच कळतं.

१०९० च्या सुमाराचा मूळ किल्ला, १३१० पासून क्लिफर्ड घराण्याकडे. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने उत्तरेतला हा शेवटपर्यंत टिकलेला किल्ला: तीन वर्षं वेढा सोसून डिसेंबर १६४५ मध्ये शरण गेला. नंतर संसदेच्या फौजेने तो निकामी केला आणि लेडी ॲन क्लिफर्डने पुन्हा बांधून काढला. ही बाई स्वतःच एक प्रकरण आहे. जन्म याच किल्ल्यातला, १५९० चा. वडिलांनी मालमत्ता मुलीऐवजी आपल्या भावाला दिली. ती कज्जे लढत राहिली, आणि काकांची वंशरेषा खुंटल्यावर १६४३ मध्ये सगळं तिच्याकडे आलं. आतल्या चौकातलं यू झाड तिने १६५९ मध्ये लावलं असं सांगतात. प्रवेशद्वारावर दगडी अक्षरांत ‘देझोर्मे’ असा फ्रेंच शब्द कोरलाय, म्हणजे ‘यापुढे’.

आता व्यवहाराचं. किल्ल्याला पूर्ण छप्पर आहे, त्यामुळे पावसाळी दिवसाला उत्तम. आतल्या खोल्या रिकाम्या आहेत. पलंग, पडदे, मेणाचे पुतळे असली सजावट नाही. ज्यांना राजवाडा बघायचा आहे त्यांची निराशा होईल. जंग्या, भटारखाना, तळघरातली कोठडी बघायची आहे त्यांची होणार नाही. सव्वा ते दीड तास पुरतो. जिने गोल, अरुंद आणि पायऱ्या झिजलेल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी चौकापर्यंत जावं आणि यूच्या झाडाखाली बसावं, वरच्या मजल्याचा आग्रह धरू नये. हिवाळ्यात लवकर बंद होतो, निघण्याआधी वेळ बघून घ्या.

आणखी एक, फुकटातलं: टाउन हॉलमधलं क्रेव्हन म्युझियम. तिथे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीची, म्हणजे १६२३ च्या फोलिओची प्रत कायमस्वरूपी मांडलेली आहे. लोक त्याच इमारतीच्या मागे गाडी लावतात आणि आत डोकावतही नाहीत.

निवांत
धन्यवाद दगडमाती! झाडाखाली बसण्याचा सल्ला विशेष आवडला.

कालवाकाठ
बोटीबद्दल मी लिहितो, कारण यावर नेटवर सगळे फोटोच टाकतात आणि चालवायची कशी हे कोणी सांगत नाही.

लीड्स–लिव्हरपूल कालवा: १७७० ला काम सुरू, १८१६ ला पूर्ण, लांबी १२७ मैल. त्यातला बिंगली–स्किप्टन तुकडा आधीच, १७७३ मध्ये, वापरात आला. बिंगलीच्या पाच पायऱ्यांच्या लॉकपासून (लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारा दरवाजांचा कप्पा) गार्ग्रेव्हपर्यंत सुमारे १७ मैल एकही लॉक नाही, कारण कालवा डोंगराच्या एकाच उंचीच्या रेषेने वळत-वळत नेलाय. म्हणूनच नवख्यांना भाड्याची बोट द्यायला स्किप्टन ही योग्य जागा आहे. लॉक नाहीत, पण फिरते पूल आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो.

दोन प्रकार मिळतात. अर्ध्या-पाऊण तासाची फेरी, ज्यात चालवणारा त्यांचा असतो; आणि दिवसभराची बोट, जी तुम्ही स्वतः चालवता. परवाना लागत नाही, सुरुवातीला समजावून सांगतात. ते समजावणं चालू असताना मुलांचे फोटो काढू नका, कान देऊन ऐका.

सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला बोटीचं तोंड वळतं. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाची चूक होते. बोट कारसारखी पुढून वळत नाही, मध्यावर फिरते: तोंड डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे फेकलं जातं आणि काठावर आपटतं. ब्रेक नाही. थांबायचं असेल तर बऱ्याच आधी गिअर न्यूट्रल करायचा, मग थोडा रिव्हर्स. रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ काम करत नाही, त्यामुळे आधी सरळ करा, मग मागे घ्या. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे राहायचं. रस्त्यावर डावीकडे चालवायची सवय असलेल्यांना हे नेमकं आयत्या वेळी आठवत नाही. वेगमर्यादा ताशी ४ मैल. बांधलेल्या बोटींच्या शेजारून त्याहूनही हळू, नाहीतर तुमच्या लाटेने त्यांचे दोर ताणले जातात, आतल्यांचा चहा सांडतो, आणि ते बाहेर येऊन बोलतात.

फिरता पूल असा उघडायचा. पुलाच्या बऱ्याच आधी बोट काठाला लावा, कालव्याकाठची वाट असते त्याच बाजूला. एकजण किल्ली घेऊन उतरतो. पूल उघडायची यंत्रणा बऱ्याचदा पलीकडच्या काठावर असते, म्हणून आधी पूल ओलांडून पलीकडे जायचं. रस्ता असेल तर दोन्हीकडची फाटकं लावायची. मग कुलूप काढून लाकडी तुळईला पाठ लावून रेटायचं. हातांनी ढकलू नका, हलणार नाही. बोट पार झाली की पूल परत जागेवर, कुलूप, फाटकं उघडी, आणि मग उतरलेला माणूस चालत बोटीवर. बटणाचे पूल असतात तिथे पूल पूर्ण बंद होईपर्यंत किल्ली निघत नाही. ओढू नका, दोष किल्लीत नसतो, पूल दोन बोटं उघडा राहिलेला असतो.

पूल उघडणारा आणि बोट चालवणारा अशी किमान दोन धडधाकट माणसं हवीत. एकट्याने गेलं तर पूल उघडल्यावर माणूस एका काठावर आणि बोट दुसऱ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: बोट काठावर आपटणार असं दिसलं तर पाय मध्ये घालून थोपवायचा नाही. बोट कित्येक टनांची असते. आपटू दे, तिला सवय आहे.

खडीसाखर
हे प्रिंट काढून बोटीवर न्यायला हवं. बोट न घेता नुसतं काठाने चालायचं असेल तर?

कालवाकाठ
मग उत्तमच. दोन वाटा. स्किप्टनहून गार्ग्रेव्हपर्यंत काठाकाठाने साधारण ८ किमी, सगळं सपाट, आणि गार्ग्रेव्हला स्टेशन आहे. पण तिथे गाड्या कमी थांबतात. परतीची वेळ बघूनच निघा, नाहीतर उलटे ८ किमी. दुसरी, सॉल्टेर ते बिंगली, साधारण ५ किमी. वाटेत कालवा एअर नदीवरून दगडी पुलाने जातो, आणि शेवटी पाच पायऱ्यांचं लॉक. १७७४ चं, बोट १८ मीटर वर चढवतं. याची गंमत अशी की पाच कप्पे एकाला एक चिकटलेले आहेत, वरच्याचा खालचा दरवाजा तोच खालच्याचा वरचा दरवाजा. मध्ये पाणी साठवायला तळं नाही. म्हणून चुकीच्या क्रमाने झडप उघडली तर खालचा कप्पा ओसंडून वाहतो, आणि म्हणूनच तिथे लॉककीपर असतो. तो हजर असेल आणि बोट चढत असेल तर अर्धा-पाऊण तास बसून बघा. मुलं मोबाइल विसरतात.

गुगली
कालव्याचा विषय निघालाच आहे तर: स्किप्टनच्या कालवा-बेसिनपाशी गोलंदाजीच्या पवित्र्यातला इंग्लंडच्या फ्रेड ट्रूमनचा पुतळा आहे, २०१० चा. मराठी माणसाने त्याच्यासमोर जरा दबकून उभं राहावं. १९५२ ला लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर भारताविरुद्ध त्याची पहिलीच कसोटी. पहिल्या डावात विजय मांजरेकर १३३, कप्तान विजय हजारे ८९. दुसऱ्या डावात धावफलक शून्यावर चार! पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर, चौघेही शून्यावर, त्यातले तीन ट्रूमनचे. नंतर हजारे आणि दत्तू फडकर यांनी अब्रू राखली. त्याच दौऱ्यात मँचेस्टरला त्याने ३१ धावांत ८ बळी घेतले, भारत सर्वबाद ५८. तीनशे कसोटी बळी घेणारा पहिला गोलंदाज, १९६४. त्याला पुरलंय बोल्टन ॲबीच्या आवारात.

उट्टं काढायचं असेल तर परतताना हेडिंग्लीवरून जा: १९८६ मध्ये वेंगसरकर ६१ आणि नाबाद १०२, २००२ मध्ये तेंडुलकर १९३. आणि यॉर्कशरने १९९२ मध्ये घेतलेला पहिला परदेशी खेळाडू आपला सचिनच.

दगडमाती
गुगली, धागा भरकटवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण बोल्टन ॲबीकडे आणलंत, बरं झालं.

नावात ॲबी असलं तरी ही प्रायरी, म्हणजे ॲबीहून धाकटा मठ. ऑगस्टिनियन साधू ११५४ मध्ये एम्ब्सेहून इथे आले. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा, १५३९ मध्ये, पूर्वेकडचा भाग छप्पर काढून ओस पडला. पश्चिमेकडचा भाग गावकऱ्यांचं चर्च म्हणून वापरात होता, तो वाचला. त्यामुळे एकाच इमारतीचं अर्धं चालू देऊळ आणि अर्धं भग्नावशेष असं दृश्य दिसतं. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा आत फिरू नये.

ही सगळी जागा डेव्हनशरच्या ड्यूकच्या इस्टेटीची. पैसे माणशी नाहीत, गाडीमागे. म्हणून दोन गाड्यांत तीन-चार जाण्याऐवजी एका मोठ्या गाडीत सात जा. आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी उशीर केलात तर रांग लागते. दहाच्या आत पोचा.

प्रायरीजवळ व्हार्फ नदीवर पावलापावलांच्या दगडांची ओळ आहे, साठाच्या आसपास दगड. पाणी वर असेल तर बंद असते, आणि बंद असेल तर बंद. शेजारीच पूल आहे. मधले काही दगड डुगडुगतात आणि समोरून कोणी आलं तर मागे फिरायला जागा नसते. पलीकडून माणसं येत असतील तर काठावर थांबा.

रानजाई
स्ट्रिडबद्दल मी लिहिते, कारण दरवेळी कोणीतरी विचारतं, “उडी मारता येते का?”

प्रायरीपासून नदीकाठाने वर साधारण साडेतीन किमी गेलं की स्ट्रिड. मधला पॅव्हिलियनचा कॅफे आणि स्वच्छतागृह तिथेच वापरून घ्या, पुढे नदीकाठच्या वाटेवर काही नाही. वर ऐसपैस पसरलेली व्हार्फ इथे दोन खडकांमध्ये येऊन जेमतेम दोन मीटर रुंद होते. पाणी तेवढंच, वाट चिंचोळी. मग ते जाणार कुठे? खाली. वरून ओढ्यासारखा दिसणारा हा प्रवाह प्रत्यक्षात उभी केलेली नदी आहे. दोन्ही खडक आतून पोखरलेले आहेत, म्हणजे तुम्ही ज्या खडकावर उभे राहता त्याच्या पोटाखालीही पाणी आहे. पडलेला माणूस प्रवाहाबरोबर खाली वाहत जात नाही, खडकाखाली ओढला जातो. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात पोहणाऱ्यालाही तरंगायला आधार मिळत नाही. आणि काठाचा खडक शेवाळलेला.

अंतर दिसायला उडीच्या टप्प्यातलं वाटतं, धोका नेमका तोच. इथे माणसं गेली आहेत. मुलांचा हात सोडू नका, फोटोसाठी कडेच्या खडकावर उतरू नका. बघायचं तर दहा पावलं मागून, वरच्या सपाटीवरून छान दिसतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर पाणी झपाट्याने चढतं, मग तर लांबूनच.

एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत या जंगलात ब्लूबेलचा निळा गालिचा असतो. स्किप्टन किल्ल्यामागच्या स्किप्टन वुड्समध्येही, आणि तिथे पैसे पडत नाहीत. रानलसणाचा वास आधी येतो, फुलं नंतर दिसतात. फुलांवर बसून फोटो काढू नका, पानं चुरगळली की कंद सावरायला वर्षं जातात.

रुळावरून
बोल्टन ॲबीला कारशिवाय जायचं असेल तर एम्ब्से–बोल्टन ॲबी वाफेची गाडी. १९६५ मध्ये बंद पडलेला मार्ग हौशी लोकांनी जिवंत केला, लांबी ४ मैल. रोज धावत नाही, वेळापत्रक बघाच. एम्ब्से स्टेशन स्किप्टन गावापासून साधारण ३ किमी. आणि पलीकडचं बोल्टन ॲबी स्टेशन प्रायरीच्या दारात नाही, पायवाटेने अर्धा तास. शेवटची गाडी दुपारीच असते, त्यामुळे स्ट्रिड आणि वाफेची गाडी दोन्ही हवं असेल तर सकाळची पहिली गाडी पकडा.

तोच नियम सेटल–कार्लाइल मार्गाला. स्किप्टनहून उत्तरेकडे जाताना पेनीगेंट डोंगर उजवीकडे, इंगलबरो डावीकडे. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल गाडीत बसून दिसतच नाही, तुम्ही त्याच्यावर असता! आधीच्या रिबलहेड स्टेशनवर उतरा, पंधरा मिनिटं चालत खाली जा. ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच. मात्र पुढची गाडी कदाचित दोन तासांनी असते आणि वारा कानशिलात मारतो. मेमध्येसुद्धा टोपी. आणि ‘डेंट गाव बघू’ म्हणून डेंट स्टेशनवर उतरू नका. इंग्लंडमधलं मुख्य मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन ते, सुमारे ३५० मीटरवर. गाव तिथून ४ मैलांवर, खाली दरीत.

घाटवाट
आता मॅलम. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना मुद्दाम सांगतो: आपला कातळ बेसॉल्टचा, ओला झाला तरी खरखरीत राहतो. इथला चुनखडक लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालाय आणि ओला झाला की साबणाची वडी. सह्याद्रीतला आत्मविश्वास गाडीतच ठेवा.

उत्तम क्रम असा, साधारण ८ किमी, थांबत-थांबत चार तास. मॅलम गावातून जॅनेट्स फॉस: छोटा धबधबा, वाट सोपी. तिथून गॉर्डेल स्कार: दोन्हीकडे कडे आणि मध्ये कोसळणारं पाणी. पुस्तकं सांगतात की धबधब्याच्या कडेने वर चढता येतं. कोरड्या दिवशी, हाताने धरून चढायची सवय असेल तर येतं. मुलं, म्हातारी माणसं किंवा पाणी जास्त असेल तर त्याच वाटेने पुलापर्यंत मागे या आणि डावीउजवीकडे न घोटाळता मॅलम कोव्ह या मोठ्या कड्याच्या माथ्याकडे जाणारी पाटी धरा. माथ्यावर चुनखडकाची फरसबंदी, मग चारेकशे पायऱ्या उतरून कोव्हच्या पायथ्याशी, तिथून गावात. उलट्या क्रमाने गेलात तर त्या पायऱ्या सुरुवातीलाच चढाव्या लागतात आणि जेवणाआधीच चिडचिड होते.

ती फरसबंदी म्हणजे हिमनदीने माती खरवडून उघडा पाडलेला खडक. नंतर पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने त्यात चिरा विरघळवल्या. ठोकळे आणि मध्ये फटी. काही फटी मांडीइतक्या खोल, तळाशी नेचे वाढलेले. बघण्यासारखे आहेत, वाकून बघा. पण चालताना बघू नका; थांबा, बघा, मग पुढचं पाऊल. घोटे इथेच मुरगळतात.

कोव्हचा कडा सुमारे ८० मीटर. एके काळी यावरून धबधबा पडायचा. आता पाणी चुनखडकात आधीच मुरतं. ६ डिसेंबर २०१५ ला डेस्मंड वादळात एवढं पाणी आलं की काही तासांसाठी धबधबा पुन्हा वाहिला. वरच्या मॅलम टार्न तळ्याचं पाणीही जमिनीत गडप होतं आणि थेट गावाच्या खालच्या अंगाला बाहेर येतं. कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात, दुर्बीण न्या.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल-२ हा नकाशा लागतो. फोनवर आधीच उतरवून ठेवा, दरीत रेंज नसते. गेट जसं सापडलं तसं सोडायचं. गाईबरोबर वासरू असेल तर मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. आणि डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो.

लोणीसाखर
आता पोटाचं. शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्या दोघांसाठीही महत्त्वाचं: यॉर्कशरमध्ये बऱ्याच दुकानांत फिश अँड चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. नुसते चिप्स मागितले तरी कढई तीच. दुकानात शिरताच विचारा, “व्हेजिटेबल ऑइल की ड्रिपिंग?” कोणी वाईट मानत नाही. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच, आणि साचा बऱ्याचदा त्याच चरबीने माखलेला. चीज-कांद्याचं सारण भरलेली ‘पाय’ शाकाहारी वाटते, पण पारीत डुकराची चरबी असू शकते. वेष्टनावर ‘व्ही’ची खूण बघा. वेन्स्लीडेल चीज बाजारात चाखायला देतात, त्यातही रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, प्राण्याचं आहे की नाही ते विचारता येतं.

गोडात कर्ड टार्ट: फाटवलेल्या दुधाचा चोथा, मनुका, अंडं. खरवसाची आठवण होईल पण तो नाही. पार्किन म्हणजे ओटचं पीठ, आलं आणि काकवीसारखा काळा पाक घालून केलेला केक. ताजा खाऊ नये, दोन-तीन दिवसांनी मुरतो.

पबमध्ये दुपारचं स्वयंपाकघर बऱ्याचदा दोन-अडीचला बंद होतं. आपण ‘आरामात तीनला जेवू’ म्हणतो आणि मग वेफर्सवर भागवतो. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि दशम्या सोबत असाव्यात. माळरानावर शेगडी किंवा डिस्पोझेबल बार्बेक्यू मात्र पेटवू नका, हेदरची कोरडी झुडपं पेटली की दिवसेंदिवस विझत नाहीत.

खडीसाखर
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. शनिवारी नऊजण आहोत, दिवसाच्या बोटीत आठच घेतात म्हणाले. तान्हं बाळ मोजतात का? नाहीतर नवव्याचं काय करायचं?

कालवाकाठ
बाळही मोजतात, मांडीवर असलं तरी. नववा माणूस काठाने चालत येऊ दे. बोट चालण्याच्याच वेगाने जाते, आणि बांधलेल्या बोटींजवळ तुम्ही हळू झालात की तो पुढे जाईल. पुलाची किल्ली त्याच्याकडेच द्या. तुम्ही पोचेपर्यंत तो पलीकडे जाऊन तयार असेल. फक्त बोट दिसल्याशिवाय पूल उघडू नकोस म्हणावं, रस्त्यावर ट्रॅक्टर थांबलेले असतात.